पान्यावरचा पाय

फोंडाघाटाच्या पायथ्याशी गाडी पंक्चर झाली, त्याचं इनासियाला काहीच वाटलं नाही. पंक्चर कुणाला चुकलंय? तिने ओढणी कमरेला बांधली, चाकामागे दगड लावला आणि गाडीबरोबर कंपनीनेच दिलेला पाना काढून चाकाच्या नटावर धरला. पाना नटावर चढेना. दुसऱ्या नटावर धरला, तिथेही तेच. कंपनीचाच नट, कंपनीचाच पाना, आणि दोघांचं काही केल्या जमेना. भर उन्हात ती तिथे उभी राहिली. येणारा-जाणारा थांबे, आपापला पाना घालून बघे आणि जाताना तेच एक वाक्य टाकून जाई, "बाय, कोणी आवळल्यान ह्ये इतके?"

शेवटी एका ट्रकवाल्याने छिन्नी-हातोडी आणली. घाव बसले तसं नटावरचं चकचकीत टोपण फाटलं आणि त्याचं सोंग उघडं पडलं. वरून चांदीसारखा दिसणारा तो नट आत साधा लोखंडी होता. वर पातळ पत्र्याची टोपी घातलेली. त्या टोपीखाली गंज धरला होता, गंजाने टोपी फुगली होती, आणि फुगलेल्या टोपीवर पाना बसणार कसा? वरून कीर्तन, आतून तमाशा! स्टेपनी उरलेल्या नटांवर बसवून इनासियाने पार फाटलेले दोन नट पर्समध्ये टाकले. ती मनातून पेटली होती.

इनासिया समुद्रकाठच्या देवबागची. नवरा पेद्रू गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली, आणि आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या, लोकांनी आधी हसून घेतलं. मग मात्र बाळंतपणाची बाई असो की छातीत दुखणारा म्हातारा, हाक इनासियालाच जाऊ लागली. त्या गाडीने तिला जे दिलं होतं ते तिला शब्दांत सांगता आलं नसतं, पण चावी हातात घेतली की ती उंच झाल्यासारखी चाले. तिचा मुलगा जोनाथन म्हापशाला. त्याला हे कधीच पटलं नव्हतं. फोंडाघाटाची हकिगत कळली तशी त्याला आयतं निमित्त मिळालं.

"माय, पुरे आता. उद्या रात्रीचा कोणाक घेऊन जातलंस आणि चाक निघाक नाय, तर? तुका झेपणा नाय ता. मीया गिऱ्हाईक बघलंय. दसऱ्याक सांजचो येतलो, तेका चावी दी."

"माझी चूक काय पण?"

"चूक कोणाची का असाना. गाडी विकूची."

इनासियाला झोंबलं ते हेच. चूक कोणाची का असेना? चूक तिची नव्हती. आणि ती नव्हती हे चारचौघांत ठरल्याशिवाय चावी द्यायची म्हणजे ती कबूलच करण्यासारखं होतं.

म्हणून गाडी जिथून घेतली त्या कणकवलीच्या शोरूममध्ये ती गेली. तिथला मॅनेजर गुरुदास. मूळचा इथल्याच पिंगुळीकडचा, पण टाय लावला की शुद्ध मराठीशिवाय बोलत नसे. त्याने फाटके नट बोटाच्या टोकाने उलटेपालटे केले.

"मॅडम, नटांमध्ये काही दोष नाही. तुम्ही बाहेर कुठेतरी काम करून घेतलं असणार. बायका पान्यावर पाय देऊन उभ्या राहतात, मग नट बिघडतो."

"ही गाडी तुमच्या दाराबाहेर कोणाकडे गेलीच नाय. पान्यार पाय मीया आयुष्यात कधी दिलंय नाय."

"मग समुद्राची खारी हवा. त्याला कंपनी काय करणार?"

"हवा की बाई? एक काय ता ठरवा!"

गुरुदास नुसता हसला. चोराच्या उलट्या बोंबा इनासियाने पुष्कळ ऐकल्या होत्या, पण इतक्या गोड आवाजात पहिल्यांदाच.

दसऱ्याच्या सकाळी ती गाडी घेऊन परत शोरूमच्या दारात. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, नव्या गाड्या न्यायला आलेली माणसं. तिला बघताच गुरुदास लगबगीने पुढे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आज शुभ दिवस आहे. उगाच अपशकुन नको."

म्हणजे फुगले नट त्यांचे आणि अपशकुन इनासिया! ती सरळ गर्दीत घुसली.

तिथे रश्मी नावाच्या एका नर्सची पहिलीवहिली गाडी निघायची होती. तिच्या वाडीतले बाळाकाका हातात नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साकडं, घालायला उभे होते. आपल्याकडे गाऱ्हाण्याशिवाय नवी गाडी दाराबाहेर पडत नाही, आणि गाऱ्हाण्यात माझंही म्हणणं घाला म्हणून कुणी पुढे आलं तर त्याला मागे लोटत नाहीत, मग तो देवळात जाणारा असो की इगर्जीत.

"काका," इनासिया म्हणाली, "माझा पण एक गाऱ्हाणा आसा." आणि पर्समधले नट तिने त्यांच्या हातावर ठेवून सगळं सांगितलं.

बाळाकाकांनी तिच्याकडे बघितलं, नटांकडे बघितलं, घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी गर्दी एका तोंडाने.

"आज ह्या रश्मीन नवी गाडी घेतल्यान. तिका आनी तिच्या गाडीक सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ही देवबागची इनासिया. हिच्या गाडीचा चाक रस्त्यात निघाला नाय. शोरूमवाले म्हणतत चूक हिची, ही म्हणता चूक नटाची. खरा काय ता आज ह्याच दारात सगळ्यांका दिसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्या आवाजात एक आवाज गुरुदासचा होता! बिचाऱ्याचा इलाजच नव्हता. समज आल्यापासून गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला ज्याने "व्हय म्हाराजा" म्हटलंय, त्याची जीभ टाय लावल्याने थोडीच थांबते? शब्द तोंडातून गेला तेव्हाच आपण काय कबूल केलं ते त्याला कळलं, आणि इनासियालाही कळलं.

"तू पण व्हय म्हणालंस, गुरुदास," ती म्हणाली. "आता मागे फिराक येवचा नाय. ती गाडी कोणाची?"

दाराशी शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी उभी होती. इनासियाच्या गाडीचंच मॉडेल, तेवढ्याच वयाचं.

"आमचीच," गुरुदास पुटपुटला.

"हिका भायरचो मेकॅनिक लागलो? हिच्या पान्यार खंयच्या बाईन पाय दिल्यान? आनी हंय कणकवलीत समुद्र खंय आसा, माका दाखव बघू."

रश्मीने आपल्या नव्या गाडीतला कोरा पाना काढून इनासियाच्या हातात दिला.

पहिल्या नटावर पाना अलगद बसला. गर्दी चुळबुळली. इनासियाने पाना काढून पुन्हा बसवून बघितला. आपणच चुकलो असलो तर? संध्याकाळचं गिऱ्हाईक तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने छातीवर क्रूस काढला आणि पाना दुसऱ्या नटावर धरला. चढेना. तिसऱ्यावर चढेना. तिने पाना बाळाकाकांना दिला, त्यांनी तो रश्मीला, रश्मीने गुरुदासला. गुरुदासने वाकून, कोट सरकवून, दोन्ही हातांनी दाबून बघितलं. घाम फुटला त्याला, पण पाना काही बसला नाही.

"माझ्या गाडीचाय असाच झालला!" मागून कोणीतरी ओरडलं. "माका म्हणाले, तूच आवळलंस!" आणखी एकजण. रश्मी शांतपणे म्हणाली, "माझ्या गाडीला हेच नट असतील, तर ते बदलल्याशिवाय मी गाडी नेणार नाही."

गुरुदास इनासियाच्या जवळ आला. शुद्ध मराठी कुठच्या कुठे गेली होती. "बाय, आत चल. चाय घे. तुझे नट आत्ता बदलून देतंय. गाजावाजा नको गो."

"माका उन्हात उभी केलास ती रस्त्यात, सगळ्यांसमोर. नट पण हंयच बदलूचे, सगळ्यांसमोर. आनी माझे एकटीचे नाय."

तो दाराच्या कडेला जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तो मान खाली घालून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की त्या जातीचे नट ज्यांच्या ज्यांच्या गाडीला असतील त्यांना अखंड लोखंडाचे बसवून मिळतील, आणि इनासियाबायची काही चूक नव्हती. शेवटचं वाक्य त्याने घाईत उरकलं. इनासियाने ते त्याला परत म्हणायला लावलं.

मेकॅनिकने छिन्नीने तिच्या गाडीचे जुने नट सैल केले, पण नवे बसवायला तो पुढे आला तसा तिने हात आडवा केला. जॅक तिनेच लावला, नवे नट तिनेच फिरवले. हात काळे झाले, केस कपाळावर आले. तेवढ्यात ओढणीत खोचलेला फोन वाजला. जोनाथन.

"माय, तो निघालो हा. चावी तयार ठेव."

"तेका सांग, येतलो तर चाय पिऊन जा. गाडी विकूची नाय."

"अगो पण ते नट..."

गर्दी बघत होती. गुरुदासही बघत होता. इनासियाने शेवटच्या नटावर पाना घट्ट बसवला, गुरुदासकडे बघत पान्याच्या दांड्यावर पाय ठेवला आणि सगळा भार दिला.

"फोन ठेव, बाबा. माझो पाय पान्यार आसा."