सत्तावीस आरशांची वेबसाइट

"भावाचा पारा चढतो म्हणजे नेमकं काय होतं?" काकूंनी फोनवर हसू दाबत विचारलं.

"ताटं फेकतो हो," पलीकडचा माणूस काकुळतीला आला होता. "एरवी माणूस सोन्यासारखा. तुमच्याकडे उपचार होतात ना? मी एआयला विचारलं, त्याने तुमचाच नंबर दिला."

"दादा, आम्ही आरशांचा पारा चढवतो. माणसांचा नाही. आणि उतरवत तर कुणाचाच नाही."

फोन ठेवल्यावर मागच्या खोलीतून आवाज आला, "पुन्हा रागीट का?"

"या वेळी भाऊ. मागच्या आठवड्यात सासरे होते."

काका हसले असावेत. काकूंना ते दिसलं नाही. सहा-सात वर्षांपासून त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोर पाहिलं की धुकं, मान वळवून कडेने पाहिलं की थोडंफार जग. दाराची चौकट दिसे, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नसे. म्हणून त्या दुकानाच्या पुढच्या बाजूला, टेबलाशी बसून फोन घेत. मागच्या खोलीत काका जुन्या आरशांची मागची चांदी नव्याने चढवत. चांदीच असते ती, पण लोक म्हणतात, आरशाचा पारा उडाला.

आणि सगळा घोळ त्या शब्दानेच केला होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी काकूंची भाची आली. ती वेबसाइटी बनवायची, हेच तिचं पोट भरायचं साधन. रागीट भावाची गोष्ट ऐकून ती आधी पोट धरून हसली आणि मग लॅपटॉप उघडून गंभीर झाली. तिने मोबाईलला विचारलं, "आपल्या शहरात जुन्या आरशाला पुन्हा चांदी कोण चढवून देतं?" मोबाईल गोड आवाजात म्हणाला, असं कुणी सापडत नाही, नवा आरसा घेणं सोपं पडेल.

"सोपं पडेल म्हणे!" मागच्या खोलीतून काका बाहेरच आले.

"मावशी, तुझ्या वेबसाइटवर मजकूर किती आहे ठाऊक आहे? अकरा शब्द," भाची म्हणाली.

"काहीतरीच. मी चांगलं पानभर लिहिलं होतं."

"लिहिलंस, पण फोटोंवर. ती अक्षरं चित्राचाच भाग झालीत. माणसं वाचतात. पण ही यंत्रं येतात, पानावरचा मजकूर चाळतात आणि निघून जातात. त्यांच्या हाती लागतं काय? 'पारा उडालाय? आम्ही चढवतो!' खाली फोन नंबर आणि दुकानाच्या वेळा. आरसा हा शब्द कुठेच नाही."

काकूंना वाईट वाटलं. डोळे धड होते तेव्हा त्यांनीच ती वेबसाइट हौसेने करून घेतली होती. फोटो त्यांनी काढलेले, ते वाक्यही त्यांचंच. "किती छान वाक्य आहे ते," त्या म्हणाल्या.

"छानच आहे. राहू दे ते. पण त्याच्या खाली साधं सरळ लिहू. आम्ही काय करतो, काय करत नाही, कुणासाठी, कुठे. गिऱ्हाईक दारात उभं राहून जे विचारतं तेच प्रश्न, आणि तू जी देतेस तीच उत्तरं. आणखी एक, कुठल्याशा यादीत अजून तुमच्या दुकानाचा जुना पत्ता आहे आणि पुढे 'बंद' लिहिलंय. ते आज दुरुस्त करून टाकते."

"एवढं केलं की कळेल त्याला?"

"बहुतेक. शब्द देत नाही. चार-सहा आठवडे तरी लागतील."

मग कामाला सुरुवात झाली. भाची विचारी, काकू सांगत, कीबोर्ड वाजत जाई. जुनी काच बदलत नाही, तीच ठेवतो. चौकट मोडलेली असेल तर सुताराकडून आणा, आम्ही चौकटीला हात लावत नाही. गाडीचे आरसे घेत नाही. आणि काळे डाग सगळे घालवायचे की नाही, हे आधी विचारतो, कारण काही लोकांचा जीव त्या डागांतच असतो.

"हे शेवटचं झकास," भाची म्हणाली. "आता फोटो. प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते लिहायचं. यंत्रासाठीही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीही, त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवतो." एवढं बोलून तिने जीभ चावली.

"बरं झालं की मग," काकू म्हणाल्या. "लिही."

"काका, पहिला फोटो. काय आहे?"

"आरसा."

"दुसरा?"

"आरसा. जरा मोठा."

"काका, सत्तावीस वेळा आरसा लिहिलं तर त्या यंत्राचाच पारा चढेल."

काका डोकं खाजवत राहिले. मुळात हा माणूस मोजून बोलणारा, आणि काकूंची नजर गेल्यापासून आरशांबद्दल तर त्यांनी तोंडच मिटलं होतं. जिला दिसत नाही तिच्यापुढे कसला आरसा घेऊन बसायचं, असं त्यांच्या मनात. काकूंनीही विचारणं सोडलं होतं, उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून. एकमेकांना जपता जपता त्या घरातलं कामाचं बोलणंच आटलं होतं. कुठला आरसा आला, कुठला गेला, काकूंना कळायचं ते फक्त आरशाभोवतीचं गोणपाट दाराशी घासल्याच्या आवाजावरून.

"दुसरा मोठा म्हणताय, तो अंडाकृती का?" काकूंनी हळूच विचारलं. "चौकटीला वेल कोरलेली, आणि खाली डावीकडे एक पान तुटलेलं?"

काका स्क्रीनवर वाकले. "उजवीकडे."

"डावीकडे. तुम्ही आरशातलं बघताय."

भाचीने फोटो मोठा केला. पान डावीकडेच तुटलेलं होतं.

त्यानंतर काकूंना कुणी थांबवू शकलं नाही. तिसरा शिंप्याच्या दुकानातला, माणसाच्या उंचीचा, कापडांचे गठ्ठे दिसतात त्यात. चौथा न्हाव्याचा, त्यात खुर्चीची पाठ आली आहे. सातव्यात खिडकी, खिडकीत वाळत घातलेली चादर, वाऱ्याने फुगलेली. त्या डोळे मिटून सांगत होत्या आणि भाचीची बोटं धावत होती. खोलीत संध्याकाळचा पिवळा उजेड उतरला होता. एकेक आरसा जणू भिंतीवर येऊन टांगला जात होता आणि प्रत्येकात वेगळीच खोली उघडत होती. काका त्या खोल्यांच्या दारात उभे राहिल्यासारखे, नुसते ऐकत होते. आपल्या हाताखालून गेलेले आरसे, पण त्यांच्यात एवढं काय काय होतं हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांची नजर कायम डागांवर.

एकोणिसाव्या फोटोपाशी काकू अडल्या.

"कुठला हा?"

"आपल्याच मागच्या खोलीतला," काका म्हणाले. "काच आडवी ठेवलीय. वर चांदीचं द्रावण ओतलंय."

"आठवत नाही मला."

"तूच काढलेला असणार."

"असेन. पण आठवत नाही. सांगा ना काय आहे."

काका पुन्हा स्क्रीनवर वाकले. भाची काही बोलणार होती, तिने स्वतःला आवरलं.

"अर्धी काच अजून काचच आहे," काका सावकाश म्हणाले. "खालचं लाकूड दिसतंय तिच्यातून. उरलेल्या अर्ध्या भागात चांदी धरलीय. कड अशी सरळ नाही, पाणी वाळूवर चढतं ना, तशी. आणि त्या चांदीत तू आहेस."

"मी?"

"वाकलेली. कॅमेरा थोडा खाली घेतलेला, त्यामुळे तोंड दिसतंय. हिरवा स्वेटर. केस सुटून पुढे आलेत." त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "तोंड उघडं आहे तुझं. काहीतरी सांगत होतीस मला, बहुतेक हलू नका म्हणून. कपाळावर उभी आठी आहे, लक्ष देताना पडते ती. आणि डाव्या गालावर चांदीचा ठिपका उडालाय."

काकूंचा हात गालाकडे गेला. आपला चेहरा त्यांनी किती वर्षांत पाहिला नव्हता. तो कुठेतरी हरवला असं नाही, पण हळूहळू कोपरे झिजून एक साधारण बाईचा चेहरा उरला होता, कुणाचाही असावा तसा. आता त्याला आठी आली, केस आले, उघडं तोंड आलं.

"चांगली दिसतेय का मी?"

"रागीट दिसतेस," काका म्हणाले. "पारा चढलेली."

तिघंही हसली. भाचीने नाक पुसून विचारलं, "काय लिहू मग? गिऱ्हाइकाला हे सगळं नको."

काकूंनी विचार केला. "लिही, काचेवर चांदी धरत असताना. अर्धी काच, अर्धा आरसा. फोटो काढणारी बाई त्यात दिसते."

रागीट माणसांचे फोन पुढचा महिनाभर येत राहिले, मग कमी झाले. काकूंना थोडी चुटपुटही लागली. त्यातल्या एका सासऱ्यांशी त्यांची चांगली ओळख झाली होती.

मग एका सकाळी एका बाईंचा फोन आला. त्या शाळेत शिकवायच्या. आईचं ड्रेसिंग टेबल होतं, त्याच्या आरशाला कडेने काळी झालर आली होती. "सगळे म्हणतात काच बदला," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, काच तीच ठेवून होईल का? तर उत्तर आलं, तुमच्याकडे होतं, आणि डाग ठेवायचे की घालवायचे हे तुम्ही आधी विचारता. खरंच विचारता?"

"विचारतो की," काकू म्हणाल्या. "ठेवायचे आहेत का?"

"वरचा एक राहू दे. बाकीचे जाऊ देत."

आरसा आला. त्या दिवशी काका पुढच्या खोलीत आले आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"मागे. ओतायचं आहे."

काकू कितीतरी वर्षांनी त्या खोलीत गेल्या. औषधांचा तोच उग्र वास, तेच गार फरशीवरचं पाणी. काकांनी त्यांना स्टुलावर अशा कोनात बसवलं की काच त्यांच्या नजरेच्या कडेला यावी. मग ते ओतू लागले आणि सांगू लागले. आता तपकिरी झालं. आता धुरकट. आता चांदी धरतेय, येतेय. काकूंना कडेला आधी काहीच दिसलं नाही, आणि मग दिव्याचा उजेड अचानक खालूनही यायला लागला, जमिनीत कुणी खिडकी उघडावी तसा.

"आली," त्या म्हणाल्या.

"आली," काका म्हणाले.

बाईंचं घर चार गल्ल्या सोडून निघालं. इतकी वर्षं जवळ राहून दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. आरसा पोचवायला काकांनी हातगाडी काढली, गादी घातली, वर आरसा आडवा ठेवला आणि झाकायला चादर उचलली.

"झाकू नका," काकू म्हणाल्या. "मी येते बरोबर."

त्यांनी गाडीची कड धरली. गाडी हळूहळू निघाली आणि काका बोलायला लागले. आता आभाळ आहे, थोडं पांढरं. विजेची तार आली, तिच्यावर तीन कावळे. एक उडाला. आता शिंप्याची गच्ची, कुणीतरी वाकून बघतंय, तुझ्याकडेच बघतंय, हात कर. काकूंनी हात केला. आता झाड. झाडाखालून चाललोय, सगळा आरसा हिरवा झालाय, अगदी तळ्यासारखा, मधेच उजेडाची नाणी. आता पुन्हा आभाळ.

"अहो, श्वास तरी घ्या."

"घेतो. आता एक बाई आहे गॅलरीत, तिच्या हातात कपबशी—"

"रस्ता ओलांडतोय ना आपण?"

"हो."

"मग गाड्या बघा आधी. कपबशीचं नंतर सांगा."

काका थांबले, दोन्हीकडे पाहिलं, गाडी पलीकडे नेली. आणि पलीकडे पोचताच, कपबशी निळ्या काठाची होती, इथून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.