चौथी गोळी

बीपी एकशे अडुसष्ट, खाली शंभर.

लोणच्याची बरणी, तोंड फडक्यानं बांधलेलं.

नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत.

कागदावर तीन गोळ्या. चौथीचं नाव खोडलेलं.

खोडलं गोपिकाबाईंनीच, नंदनवन वस्तीतल्या दवाखान्यात, डॉक्टरांच्याच पेनानं.

“तीन घेतो ना मी रोज? चौथी नाही घेत,” त्या म्हणाल्या.

“मग महिनाभर मीठ कमी करून दाखवा,” डॉक्टर म्हणाले. “रोज अर्धा तास चाला. नाही उतरलं तर चौथी.”

“दाखवतो.”

घरी पहिल्याच घासाला त्यांचे यजमान रुपराव थांबले.

“काहून वं, मी बी आजारी हावो का?”

“मीठदाणी समोर हाय. हात हायेत ना तुमाले?”

पंधरा दिवस. पायाला फोड. घरच्या यंत्रावर एकशे सहासष्ट.

रुपराव हसले. “घे वं चौथी. जिद्दीनं बीपी उतरते का?”

गोपिकाबाईंनी सुनेला, वंदनाला, हाक मारली आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडायला लावला. पापड गेले. लोणचं शेजारी गेलं. एका डब्यापाशी वंदना थांबली.

“आई, हे दुपारच्या ताकात टाकता?”

“शेंदेलोण हाय ते. उपासाचं. ते थोडीच मीठ असते?”

सोमवार, गुरुवार, एकादशी. भगर, साबुदाणा, रोजचं ताक. उपासाला चालतं ते मीठ नव्हे, असं कोणी शिकवलं नव्हतं. घरात सगळेच तसं धरून चालत होते.

“आई, तेही मीठच. बीपीला उपास कळत नाही.”

गोपिकाबाईंनी डबा मोरीत उलटा केला.

“उपास अळणी?” रुपराव दारातून म्हणाले. “देवाले चालन का?”

“देवाच्या पानात मीठ वाढत नाही, चाळीस वर्षं मीच वाढतो ते पान. त्यानं कधी तोंड वाकडं केलं? तुमीच करता.”



महिना भरला. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. एकशे अडतीस.

“चौथी?” गोपिकाबाईंनी विचारलं.

“सध्या नको. तीन मात्र सोडायच्या नाहीत.”

“त्या कधी सोडल्या मी?”

घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी उचलली आणि कपाटात ठेवली. रुपरावांनी ती मागितली नाही.

डबे उघडले त्या पंधराव्या दिवशीच, गोपिकाबाई आंघोळीला गेल्यावर, रुपरावांनी त्याच यंत्रावर स्वतःचं बीपी मोजलं होतं. एकशे बासष्ट.