लोळणारं फळ

कल्याणप्पांनी काठीच्या टोकानं वाफ्यावर अंथरलेला प्लॅस्टिकचा काळा पेपर डिवचला आणि मेलेला साप पाहून घ्यावा तशी काठी मागं घेतली.

"मातीची लाज वाटाया लागली व्हय आता? झाकून ठिवलीय ती."

पेपराला भोकं पाडत बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कल्याणप्पांची सून शिवांजली हसली नाही, रागावलीही नाही. रोपांच्या ओल्या पोत्यावर तिनं पुन्हा पाणी शिंपडलं.

उन्हाळ्यापर्यंत या तुकड्यावर द्राक्षाचा मांडव होता. वेली म्हाताऱ्या झाल्या, त्या काढाव्या लागल्या. कल्याणप्पांचा मुलगा नंदीश उमरग्यातल्या आपल्या दुकानात अडकलेला, त्यामुळं इथं पुढं काय लावायचं ते शिवांजलीनंच ठरवलं. स्ट्रॉबेरी. पावसाळाभर तिची तयारी चालली होती आणि कल्याणप्पांची टिंगल. तिनं बोअरचं पाणी तपासून आणलं, तर ते शेजाऱ्यांना म्हणाले की सूनबाईंनी पाण्याची पत्रिका काढलीय, आता लग्न जमवतील. तिनं फक्कीनं वाफे आखले, तर हे कबड्डीचं मैदान का, असं त्यांनी विचारलं. सगळ्यात जास्त तुच्छता त्या फळाबद्दल. द्राक्षाचा घड माणसाच्या कपाळाशी येतो, मान वर करून त्याच्याकडं बघावं लागतं. हे मातीत लोळणारं. असल्या फळापुढं कोण वाकणार?

वाफ्याच्या कडेला हळदकुंकू, उदबत्ती मांडून झाली. मजूर बायकांतली थोरली तुळजाबाई हातात नारळ घेऊन उभी राहिली.

"अप्पा, या. पयलं रोप तुमच्या हातचं."

"गवताला कसला मुहूर्त? घाला कुठं बी."

"आसं कसं? द्राक्षं लावली तवा बी तुमीच लावलं व्हतं. थोरल्याचा हात लागल्याबिगर आमी न्हाय सुरू करणार."

बायका हात झटकून बसल्या. ऊन चढत होतं. पोत्याबाहेर आलेली पानं मलूल होऊ लागली होती. सगळ्यांच्या नजरा कल्याणप्पांवर, आणि कल्याणप्पांची नजर जमिनीवर. जमीन फार खाली होती.

श्रावणात मठात महाप्रसादाला ते मांडी घालून बसले, आणि उठायच्या वेळी गुडघ्यांनी नाही म्हटलं. शेजारच्याशी उगीच काहीबाही बोलत ते पंगत उठेपर्यंत बसून राहिले. मग भिंत धरून, लहान मूल उठतं तसे उठले. कुणी पाहिलं नव्हतं, याची त्यांना खात्री होती. पण तेव्हापासून खाली बसून करायच्या प्रत्येक गोष्टीचा त्यांना तिटकारा आला. पंगतीचा, सतरंजीवरच्या बैठकीचा, आणि आता या फळाचा. मांडवाखाली उभ्यानं छाटणी करता येत होती. इथं बसावं लागणार, आणि बसलं की उठवायला चार बाया धावणार. उद्यापासून त्यांची खुर्ची घरी ओसरीवर, आणि रानात त्यांचा शब्द कुणी ऐकणार नाही.

"म्या न्हाय असल्या नाटकात," ते म्हणाले. आवाज हवा होता तेवढा करडा निघाला नाही.

शिवांजलीनं एक रोप उचललं.

"पहिलं रोप इथं लावायचंच नाही, अप्पा. बांधाकडच्या वाफ्यात लावायचंय. या."

ती मागं न बघता चालू लागली. उतारावरून खालच्या रानात, तुरीच्या कडेनं. कल्याणप्पा काठी टेकत मागून निघाले. बांधाच्या तोंडावर वाफा करणारी शहाणी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, असं वाटेत त्यांनी तुरीला ऐकवलं. पहिल्या पावसात वाफा इथं येऊन पडेल, हेही ऐकवलं.

ती थांबली, तिथं ते थांबले. बांधाला दगड नव्यानं रचले होते, एकाला एक अडकवून, घट्ट. वरच्या रानाची माती त्यांच्या कमरेशी आली होती. इथं पेपर नव्हता, नुसती भुसभुशीत काळी माती. त्यांनी हात पुढं केला, तो सरळ मातीत गेला. पाठ ताठच राहिली.

त्यांनी काठीनं एक दगड ढोसून पाहिला.

"ह्यो वाफा कुणी काढला?"

"मीच. बांध वाया जात होता."

त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती रोपाच्या मुळ्या सोडवत होती. मुळ्या कधीच सुटल्या होत्या.

कल्याणप्पांनी बोटांनी खळगा केला, रोप ठेवलं, अंगठ्यानं दाबलं.

"गाभा वर राहू द्या, अप्पा. बुजला की कुजतो."

"मला शिकवतीस?"

पण रोप त्यांनी चिमटीत धरून किंचित वर ओढलं. वर नारळ फुटल्याचा आवाज आला, मग बायकांचं बोलणं, हसणं. काम सुरू झालं होतं.

"फळ म्हणं," कल्याणप्पा तुरीकडं बघत पुटपुटले. "दाबाया गेलं तर आंग चोरतंय." आणि न बघताच त्यांनी रिकामा हात बाजूला पसरला.

शिवांजलीनं त्यावर दुसरं रोप ठेवलं. वरून रोपांचा एक जुडगा आणून तो त्यांच्या हाताशी ठेवला आणि ती बायकांकडं निघून गेली.

थोड्या वेळानं तुळजाबाई बांधावरून डोकावली. खाली येऊन हात लावू का, असं तिनं विचारलं.

"काय गरज न्हाय," कल्याणप्पा मान वर न करता म्हणाले. "आन् समद्यांला सांग, ह्या वाफ्याला कुणी हात लावायचा न्हाय."