सासूबाई कुठल्या शब्दापुढे

मी पाठकोऱ्या कागदांची वही. कापड कारखान्यातले वाया गेलेले तपासणीचे फॉर्म कुणीतरी दोऱ्याने शिवले आणि मी झाले. एका बाजूला छापील इंग्रजी, दुसरी बाजू कोरी. ती कोरी बाजू होती म्हणून वाचले, नाहीतर रद्दीतच जायची.

मला शिवलं ते धागे कापणाऱ्या एका बाईने. चौदा वर्षं उभ्याने कातरी चालवून तिच्या पायांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. डॉक्टरने सांगितलं, उभं राहणं बंद. बसून करायचं काम एकच होतं, तपासणीच्या टेबलाचं. उजेडाच्या काचेवरून कापड सरकतं, त्यातली खोट पकडायची. पण तिथे बसायचं तर फॉर्मवरचं इंग्रजी कळायला हवं. तपासणी खात्यात बघण्याचेच शब्द जास्त, आणि साहेब तोंडी विचारणार. बाई चौथी शिकलेली.

लेक शिकवायला बसली.

"आई, सी म्हणजे दिसणं. लुक म्हणजे मुद्दाम बघणं."

"म्हणजे तुझ्या बापाला केर सी होतो, पण तो लुक करत नाही."

"अगदी तसंच."

तेव्हापासून बाई प्रत्येक शब्दापुढे एक माणूस लिहायला लागली. स्टेअर, टक लावून बघणं: कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. ग्लेअर, डोळे वटारणं: मी स्वतः. पीप, चोरून डोकावणं: सासूबाई, दाराच्या फटीतून. असे शब्द भराभर पाठ झाले.

एक चूक झाली. मला तिने डब्यांच्या फळीवर ठेवलं, आणि सासूबाईंना वाचता येत होतं. त्यांनी ते पान वाचलं, मला गादीखाली सारलं आणि सुनेशी बोलणं टाकलं. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा.

आदल्या संध्याकाळी बाई गादीपाशी येऊन उभी राहिली.

"वही द्या."

"कसली वही?"

"तुम्ही जिच्यात आहात ती."

"फटीतून बघते म्हणे मी. तू कामावर गेलीस की गॅसवरच्या दुधाकडे कोण बघतं? ही पोरगी जिन्यात कुणाशी बोलते, ते कोण बघतं? त्याला नाही का तुमच्या इंग्रजीत शब्द?"

बाईने लेकीकडे बघितलं. लेक मान खाली घालून म्हणाली, "आहे. वॉच. लक्ष ठेवून बघत राहणं."

"मग तिथे लिही मला."

"लिहिते," बाई म्हणाली. "पण पीप खोडणार नाही. तेही खरंच आहे."

सासूबाईंनी मला बाहेर काढलं. "नको खोडूस. पण वॉच वर लिही, ते खाली." मग चष्मा लावून त्यांनीच एकेक शब्द विचारायला घेतला. चुकलं की म्हणायच्या, "पाय सुजलेत की डोकं?" सगळे शब्द दोनदा घेतल्यावरच त्या उठल्या.

सकाळी मी पिशवीतून साहेबांच्या खोलीत गेले. पाच-सहा शब्द बाईने धडाधड सांगितले. मग साहेब म्हणाले, "ग्लान्स?"

त्या शब्दापुढे कुणाचं नाव होतं ते मला ठाऊक होतं. माझा दोरा ताठ झाला.

"वरवर नजर टाकणं. तुम्ही आमच्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या करताना टाकता तशी."

साहेबांच्या हातात तेव्हा पेन होतं आणि समोर तसाच गठ्ठा. त्यांनी पेन ठेवलं. गठ्ठ्यातला वरचा फॉर्म घेतला, त्या कापडाचा तागा मागवला आणि काचेवर टाकायला सांगितला. फॉर्मवर दोष शून्य लिहिलेले होते. बाईने पहिल्या तीन मीटरांत चार दाखवले.

"उद्यापासून टेबलावर बसा," साहेब म्हणाले. "आणि जरा तोंड सांभाळा."

"पहिलं जमेल," बाई म्हणाली.

आता मी तपासणीच्या टेबलाच्या खणात असते. कोपरे दुमडलेत, तेलाचे डाग पडलेत. धागे कापणाऱ्या बाया एकेक करून मला घरी नेतात आणि आपापली माणसं लिहितात. माझ्यात आता चार सासवा, दोन जावा आणि एक घरमालक आहे. जागा कमी पडतेय. तुम्हीही न्या, नाही कशाला म्हणू. फक्त कुणाचं नाव लिहायच्या आधी त्या माणसाकडे एकदा नीट बघा. माझी पानं पातळ आहेत. खोडलं की फाटतात.