खाकरण्याचा ठेका

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्यांवरचे काळे आवरण पापुद्रे होऊन सुटले आहे. आतल्या स्पंजात इतक्या माणसांचा घाम मुरला आहे की मला माझाच वास सहन होत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. वाटले होते, एखादा मोठा गायक मला डोक्यावर घेईल. नशिबी आले एक ऑफिस. तिथे लोक दिवसभर फोनवर परक्यांच्या तक्रारी ऐकत. सकाळी एक डोके, दुपारी दुसरे. कोणाचा कोंडा, कोणाच्या कानातला मळ! एक जण तर शिंकताना माझा माइकसुद्धा बाजूला करत नसे. मला कधी कोणी पुसले नाही. पुढे माझी एक बाजू खरखरू लागली, तसे मला भंगाराच्या खोक्यात फेकले. तिथे झुरळांनी माझ्यात संसार थाटला. त्याबद्दल अधिक न बोललेलेच बरे.

त्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला उचलून आपल्या भाचीला नेऊन दिले. भाची लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या मळक्या चादरी डाग बघून वेगळ्या करायच्या, हे तिचे काम. हाताला लागेल त्यावर ती बोटांनी ठेका धरायची, म्हणून सगळे तिला टकटक म्हणत. तिने माझी वायर जोडली, झुरळे झटकली आणि मला डोक्यावर चढवले. पुसले मात्र तिनेही नाही!

तिला लोकांना नाचवणारे संगीत करायचे होते. मोठ्या स्पीकरवर लागले की छातीत धडधडते ना, तसले. शिकवणारे कोणी नव्हते. एक जुना कॉम्प्युटर आणि एक फुकटातले सॉफ्टवेअर, एवढेच भांडवल. वाद्यांचे तयार आवाज विकत घेणे परवडेना, म्हणून ती फोनवर आजूबाजूचे आवाज टिपू लागली. आणि आवाज तरी कसले! मोरीचे तुंबलेले पाणी गुडगुडत खाली जाते तो. ओल्या चादरींचा ढीग फरशीवर फत्कन पडतो तो. सर्वांत भयंकर म्हणजे तिच्या वडिलांचे, आप्पांचे, सकाळचे खाकरणे. बेसिनवर वाकून ते पोटाच्या तळापासून कफ ओढत आणि थुंकत. टकटक तो तुकडा कापायची, ताणायची, उलटा फिरवायची आणि पुन्हा पुन्हा माझ्यातून ऐकायची. उलटे थुंकणे कधी ऐकले आहे का? ऐकू नका.

"शी! काय गं ऐकतेस हे?" मावशींनी एकदा मला कानाला लावून विचारले.

"डोळे मिटून ऐक, मावशी. पाय हलतोय की नाही?"

मावशींचा पाय खरोखरच हलत होता.

जवळच्या एका हॉलमध्ये नाचाचे कार्यक्रम होत. तिथल्या साउंडवाल्याने मात्र तिचे गाणे अर्ध्यावरच बंद केले. "जड आवाज एकमेकांच्या अंगावर पडतायत. एकाला पुढे घे, दुसऱ्याला मागे सार," तो म्हणाला. टकटक रुसली नाही. लॉन्ड्रीतून आली की हात धुवायची आणि कामाला बसायची. आवाज वेगळे करायला तिला चादरींनीच शिकवले असावे. पुढच्या खेपेला साउंडवाल्याने गाणे पूर्ण वाजवले आणि अख्खा हॉल नाचला.

मग गाणी काढणाऱ्या एका कंपनीच्या साहेबांनी तिला बोलावले. त्यांच्या अत्तराचा वास माझ्या स्पंजापर्यंत पोचला.

"हे खाकरणं जबरदस्त आहे!" साहेब म्हणाले. "पण लोकांना हसू यायला हवं. गाण्याचं नाव ठेवू 'थुंक्या म्हातारा'. मध्ये मध्ये हसणं घालू."

त्यांच्या माणसाने लगेच घातलेसुद्धा. आप्पा खाकरत आणि त्यावर दहा-बारा जण खिदळत. मित्रांनो, मी झुरळे पोसली आहेत, पण इतका घाणेरडा आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता.

"ते माझे वडील आहेत," टकटक म्हणाली.

"अरे वा! मग त्यांनाच स्टेजवर आणू की!"

टकटकने मला उचलले आणि ती तडक बाहेर पडली. रस्त्याच्या कडेला तिला उलटी झाली. साहेबांची तर तिला किळस आलीच होती, पण तेवढेच नव्हते. आप्पांना तिनेही विचारले नव्हते.

घरी येताच तिने सगळे सांगितले आणि मला आप्पांच्या कानांवर चढवले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"हा मी?"

"हो. आधी विचारायला हवं होतं, आप्पा."

"मी नळ सोडून खाकरतो, ते का? तुमच्या कानावर पडू नये म्हणून. भट्टीपुढे जन्म गेला, तो धूर निघतोय हा. त्याच्यावर लोक नाचले?" त्यांनी मला काढून ठेवले. "मला माझीच किळस येते गं. काढ ते."

तिने लगेच कॉम्प्युटर सुरू केला. खाकरणे पुसून टाकले. त्या जागी दुसरे काही शोभेना, म्हणून जागा रिकामीच ठेवली.

आणि काय सांगू! हॉलमध्ये सगळे धडधडत असताना अचानक काहीच उरले नाही. उचललेले पाय वरच थांबले. मग ठेका असा कोसळला की माणसे ओरडली. साउंडवाला धावत आला. "ही रिकामी जागा कुठे शिकलीस?"

"घरी," ती म्हणाली.

साहेबांची कंपनी हातची गेली ती गेलीच. पण आता दूरदूरचे हॉल तिला बोलावतात. लॉन्ड्री सुटली आहे. तिच्याकडे नवा हेडफोन आहे आणि तिची गाणी आप्पा माझ्यातून ऐकतात.

म्हणून मित्रांनो, कोणाचा आवाज घ्यायचा तर आधी त्याला विचारा. आणि माझ्यासारख्या मुक्या वस्तूला निदान फडक्याने पुसा. आप्पा रोज डोक्याला चपचपीत तेल लावून मला चढवतात. शी! पण गाणे संपेपर्यंत उतरवत नाहीत.