आप्पांच्या घरचा डबा

लातूर सोडतानाच शिवशंकरसरांनी सुनेला सांगून टाकलं होतं, नांदेडचा गुरुद्वारा नको, विष्णुपुरीचं धरणही नको.

"मग जाताय कशाला?" आरतीनं विचारलं.

सर पिशवीची चेन लावत राहिले. सत्तरी उलटली तरी माणसं त्यांनी पुस्तकांतूनच पाहिली होती. एकदा चार दिवस कुणाच्या तरी घरात त्यांच्यासारखं राहावं, एवढीच इच्छा होती. पण हे सुनेला सांगायचं कसं?

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला रामकिशन होता. लातूरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात सर ग्रंथपाल, तो शिपाई. सव्वीस वर्षं एका छताखाली गेली. "एकदा गावाकडं या, सर," असं तो निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिला. आता सरांनी फोनवर बजावलं होतं, "माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही. तुम्ही खाल ते मी खाईन."

स्टँडवर रामकिशन न्यायला आला. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली नवी चादर घातलेली बाज. चहा आला तो समोरच्या हॉटेलातून, कागदी कपात. सरांनी तो घेतला. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. हरभऱ्याच्या भाजीला लसणाची फोडणी बसली तसं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

रामकिशननं त्यांच्यापुढं स्टीलचा डबा आणि पाण्याची विकतची बाटली आणून ठेवली.

"हे कुठून?"

"रेवणसिद्ध आप्पाच्या इथून. तुमच्यातलेच हायत. बिनघोर जेवा."

सरांचा हात डब्यावरच राहिला. "रामकिशन, मी असलं काही पाळत नाही."

"हाव, न्हाई पाळत. सव्वीस वरसं तुम्ही कपाटामागं जेवले, मी पायरीवर. मी कवा काय बोललो का?"

"मला कुणासमोर खायला संकोच वाटतो. लहानपणापासून. घरीसुद्धा मी..."

वाक्य अर्धंच राहिलं. ते खरं होतं, तरी खोटं बोलताना पकडल्यासारखे कान तापले.

रामकिशनची बायको नागुबाई दारात येऊन उभी होती. "आन ती खीर? नातीच्या नामकरणाला केल्ती. तुमच्यासाठी येगळा डबा भरून दिल्ता. पोट बरं न्हाई म्हणले तुम्ही. डबा तसाच वापस आला. दोन दिस मी धुतला बी न्हाई."

खीर सरांना आठवली. डब्याच्या झाकणावरचा पोचाही आठवला. पोट तेव्हा खरंच बिघडलं होतं का, तेवढं मात्र काही केल्या आठवेना.

"आज वाढा मला," ते हळूच म्हणाले. "तुमच्यातलं."

नागुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. रामकिशन हसला.

"आमी कसं राहतो ते बघाया आले ना, सर? असंच राहतो. तुमच्यासारखा पावना आला की वरच्या आळीतून डबा आणतो. तुमच्यासाठी येगळं काय बी केलं न्हाई."

तो आत गेला. ताटं वाजली. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले.

उठून आत जावं, असं सरांना दोनदा वाटलं. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि डबा उघडला. भाजी हरभऱ्याचीच होती.