चार जुड्यांची झारी

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. मित्रांनो, हसू नका. तोंडाला पाच भोकं कमी आणि बुडाला एक जास्त, एवढाच माझा दोष.

मंडईजवळच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून-ठाकून घडवलं. सुभेदार साळव्यांनी कुंड्यांसाठी विकत घेऊन मला विश्रांतवाडीला आणलं. त्यांच्या पत्नी शैलाबाई रोज सकाळी मला घेऊन तुळस, गुलाब, कढीपत्ता सगळ्यांना पाणी घालत. "झारी अगदी गुणाची आहे हो," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. ते कौतुक मी अजून जपून ठेवलंय.

मग त्यांचा थोरला मुलगा अभय सरहद्दीवर गेला तो परत आलाच नाही. लष्कराच्या दफनभूमीत त्याची कबर झाली. सहा वर्षांनी शेजारीच सुभेदारांची. तेव्हापासून माझं खरं काम सुरू झालं. दोन नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा आपल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी बाई शेवंतीच्या दोन जुड्या, मेणबत्त्या आणि मला घेऊन निघत. एकही वर्ष चुकलं नाही. तिथले सगळे दगड पांढरे, एका मापाचे. पण बाईंचा हिशेब पक्का होता. नळापासून सरळ अठ्ठावीस पावलं, मग उजवीकडची दुसरी आणि तिसरी कबर. "मला डोळे मिटूनसुद्धा सापडेल," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगत.

पुढे माझं बूड गळायला लागलं. धाकटा रोहन म्हणाला, "आई, ही भंगारात दे. बाटलीने घाल पाणी."

"तुला दिलं का भंगारात?" बाई म्हणाल्या. विषय संपला. मात्र मी वर्षभर माळ्यावर पडून असे. धूळ खायची आणि नोव्हेंबरची वाट बघायची.

गेल्या वर्षी रोहनची मुलगी पायल बाईंबरोबर आली. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पायलने मला नळावर भरलं, आजीच्या हातात दिलं आणि फोन काढला. गंमत अशी, की तो नळच नवा होता. जुना बंद करून भिंतीकडे दुसरा बसवला होता. पायलला जुना ठाऊक नव्हता, बाईंना नवा दिसत नव्हता. मला कळलं होतं, पण पत्र्याला कोण विचारतो!

बाई अठ्ठावीस पावलं चालल्या, उजवीकडे वळल्या. गवत गुडघाभर. "यंदा फार माजलंय गं," म्हणत त्यांनी ते उपटलं. दगड धुतले. दोन्हीकडे फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना म्हटली. मग एका दगडावर हात ठेवून म्हणाल्या, "अभय, पायल कॉलेजात जायला लागली बरं का. नाक अगदी तुझंच आहे."

फोटो काढायला म्हणून पायलने फोन वर धरला आणि तिचा चेहरा पडला.

"आजी... इथे अभयकाकाचं नाव नाहीये."

बाईंनी दगडावरची अक्षरं बोटांनी चाचपून पाहिली. "माझी माणसं मलाच सापडेनात? अरे देवा!" त्या रडल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत तिथे रडताना पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

"सॉरी आजी. मी आधीच वाचायला हवं होतं. ही फुलं उचलून तिकडे नेऊ का?"

"खबरदार! वाहिलेली फुलं कुणी उचलतं का?" बाईंनी डोळे पुसले. "नावं काय आहेत यांची?"

पायलने वाचलं. "नाईक आनंद गायकवाड. वय सव्वीस. आणि हा शिपाई योसेफ पाटोळे. वय बावीस."

"बावीस," बाई म्हणाल्या. "आपला अभय चोवीसचा. यांच्याकडे बरीच वर्षं कुणी आलेलं दिसत नाही. असू देत ती फुलं. आता आपल्यांकडे चल."

आपली माणसं दोन रांगा पलीकडे होती. फुलं संपलेली, मेणबत्त्या संपलेल्या. तेवढी मी होते. गळत गळत अर्धी झाले होते, पण तेवढ्या पाण्यात दोन्ही दगड धुऊन झाले. "अहो, आज फक्त पाणीच आहे," बाई सुभेदारांना म्हणाल्या. "फुलं तुमच्याच पोरांना दिली."

यंदा बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. पायलने मला मंडईत नेऊन बुडाचं भोक बुजवायला डाख लावून आणलं. शेवंतीच्या जुड्या चार घेतल्या. आता ती प्रत्येक कबरीपाशी आधी नाव मोठ्याने वाचते आणि मगच पाणी घालते. योसेफपाशी बाईंनी तिला दोनदा वाचायला लावलं. "त्याला सवय नाही गं," म्हणाल्या.

मित्रांनो, आपल्या माणसांना भेटायला जाल तेव्हा पावलं मोजत बसू नका, नाव वाचा. शेजारचंही वाचा. आणि घरी एखादी गळकी झारी असेल, तर तिला माळ्यावर टाकण्याआधी एकदा डाख लावून बघा. चार कबरींना पुरेल इतकं पाणी तिच्यात अजून मावतं.